मटारवाल्यांची गाडी

आत्या येणार म्हणून थोरल्यांनी सकाळीच माल फलाटावर काढून ठेवला, आणि आत्या येणार म्हणूनच धाकट्यांनी आपली गाडी फाटकाबाहेर उभी करून तिची किल्ली खिशात टाकली. एकमेकांशी न बोलता दोघा भावांच्या डोक्यात एकच विचार येण्याची ही बऱ्याच वर्षांतली पहिली वेळ असावी.

थोरल्यांना आत्याला दाखवायचं होतं, की बघ, माझा माल तयार आहे आणि याची गाडी लागत नाही. धाकट्यांना दाखवायचं होतं, की बघ, माझी गाडी हजर आहे आणि याची माणसं माल भरत नाहीत. मधल्यामध्ये आइस्क्रीमचे खोके उभे होते. त्यांना कुणाला काहीच दाखवायचं नव्हतं. त्यांना फक्त थंड राहायचं होतं.

हे सगळं वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या वाटणीमुळे झालं. अण्णांनी जाण्याआधी कारखान्याचे दोन भाग केले. आइस्क्रीम बनवायचं थोरल्यांनी, दुकानांत पोचवायचं धाकट्यांनी. कोल्ड रूमच्या दारापर्यंत थोरल्यांचा कारभार, गाडीच्या फाळक्यापासून पुढे धाकट्यांचा. दोघांचं पटलं नाही तर शेवटचा शब्द मोठ्या बहिणीचा, म्हणजे आत्याचा, म्हणून तिच्या नावे तिसरा वाटा. अण्णांनी सगळा विचार केला होता. फक्त दार आणि फाळका यांच्यामधला सिमेंटचा फलाट कुणाचा, एवढं सांगायचं राहून गेलं. त्यामुळे तिथे पंखा नव्हता, पडदा नव्हता, आणि झाडलोट ज्याला लाज वाटेल तो करायचा. म्हणजे बहुतेक वेळा चिमणी करायची.

चिमणी ही थोरल्यांची मुलगी. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून चिमणी. आता कोल्ड रूमच्या दारातून जाताना तिला मान वाकवावी लागते. बापाच्या खात्यात न बसता ती काकांच्या हाताखाली डिस्पॅच बघायची. कोणत्या दुकानाला कधी, कोणत्या रस्त्याने, गाडीत आधी काय आणि शेवटी काय, हे सगळं तिच्याकडे. बाप तिला फितूर म्हणायचा आणि काका तिला दादाची हेर समजायचे. काम मात्र दोघांचंही तिच्यावाचून अडायचं.

आत्या टॅक्सीतून उतरली आणि फलाटाच्या पायऱ्या चढून आली. ती दातांची डॉक्टर. समोरचा बोलायला लागला की ती त्याच्या तोंडात बघते, त्यामुळे तिच्यापुढे खोटं बोलताना माणूस ओठ कमी उघडतो.

"हे इथे का ठेवलंय?" तिने खोक्यांकडे बोट दाखवलं.

"तेच," थोरले म्हणाले. "तूच विचार त्याला."

"तेच," धाकटे म्हणाले. "मी काही बोलत नाही. तू बघतेस ना."

दोन्ही बाजूंचे हमाल हाताची घडी घालून उभे होते. थोरल्यांच्या हमालांना दाराबाहेर खोका न्यायची मनाई होती, फक्त आज सकाळपुरती ती उठवून पुन्हा लावली होती. धाकट्यांच्या हमालांना गाडीबाहेरच्या खोक्याला हात लावायची मनाई होती, आणि गाडी तर फाटकाबाहेर होती. असे ते सगळे पगारी पाहुण्यांसारखे उभे होते.

"ताई, वर चल," थोरले म्हणाले. "निवांत बोलू."

"निवांत?" आत्याने एका खोक्याला हात लावून पाहिला. "बरं, चला."

वर जाताना चिमणीने काकांना जिन्यातच गाठलं.

"काका, किल्ली द्या. ही त्या नव्या, बऱ्याच दुकानांच्या कंपनीची पहिली ऑर्डर आहे. दुपारच्या आत नाही गेली तर ते पुन्हा विचारणार नाहीत."

"देतो ना. तुझ्या बाबांना एवढंच सांग, की फलाटावरचा माल ही त्यांची जबाबदारी, असं लिहून द्या."

तिने वर चढणाऱ्या बापाला हाक मारली. "बाबा, माल तरी आत घ्या तोवर."

"एकदा बाहेर काढलेला माल मी आत घेत नसतो," थोरले वळून न बघता म्हणाले. "काकांना विचार, तू त्यांचीच ना."

वरच्या ऑफिसचं दार लागलं. चिमणी जिन्यात एकटी उरली.

तिला रडू आलं नाही. राग मात्र आला, आणि तो नेमका कुणाचा हे ठरवायला वेळ नव्हता. ही ऑर्डर तिने आणली होती. त्या कंपनीच्या खरेदीखात्याच्या बाईंच्या ऑफिसात ती इतक्यांदा जाऊन बसली होती, की तिथला शिपाई तिला तिथलीच नोकर समजून फायली द्यायला लागला होता. बाई शेवटी म्हणाल्या होत्या, "चव सगळ्यांची सारखीच असते हो. आम्हाला वेळेवर आणि घट्ट हवं."

ती खाली आली. खालच्या थरातला एक खोका तिने फोडून पाहिला. आतला माल अजून घट्ट होता; पण झाकणावरचं हिम पाझरायला लागलं होतं.

शेजारच्या आवारात गोठवलेल्या मटारांचा कारखाना होता. त्यांच्या हिरव्या गाड्यांवर मटाराच्या शेंगेचं एवढं मोठं चित्र होतं, की थोरले त्यांना कुत्सितपणे 'भाजीवाले' म्हणायचे. चिमणीने त्या मालकांना फोन लावला.

"काका, एखादी गाडी रिकामी आहे का? आतून थंड झालेली हवी. आत्ता थंड करायला घेतली तर उपयोग नाही."

"एक निघायचीच आहे तुमच्या भिंतीपलीकडे. आमचा अर्धाच माल आहे तिच्यात. तुमच्या गाडीला काय झालं?"

"किल्ली मीटिंगला गेलीय."

दोन्ही भावांची कीर्ती भिंतीपलीकडे पोचलेली असावी. "पाठवतो," ते म्हणाले. "आमचा माल संध्याकाळी गेला तरी चालेल. उतरवून घेतो."

मटारवाल्यांची गाडी मागे घेत फलाटाला लागली, तेव्हा हमालांनी हाताच्या घड्या जास्तच घट्ट केल्या.

"ताई, आम्हाला साहेबांनी सांगितलंय," थोरल्यांच्या बाजूचा मुकादम म्हणाला. "दाराबाहेर नाही."

"आम्हाला आमच्या साहेबांनी," धाकट्यांच्या बाजूचा म्हणाला. "आपल्या गाडीतच भरायचं."

चिमणीने वाद घातला नाही. तिने ट्रॉली घेतली, खोके रचले, आणि स्वतः ढकलायला लागली. सगळ्यात लांबचं दुकान आधी, आत खोलवर. सगळ्यात जवळचं शेवटी, दाराशी. दुसऱ्या खेपेला ट्रॉलीचं चाक भेगेत अडकलं आणि खोके कलले. दोन्ही मुकादम एकाच वेळी पुढे झाले. खोके सावरून झाल्यावर परत जाऊन हाताची घडी घालणं दोघांनाही जमेना. मग कुणी काही न बोलता सगळेच कामाला लागले.

वरच्या ऑफिसात थोरले मुद्द्यावर आले होते. खिडकीला पाठ करून ते बसले होते, आणि समोर धाकटे, त्यांचा मुलगा राजे, आणि टेबलाच्या डोक्याशी आत्या. राजे हे नाव लाडाने पडलं की वैतागाने, हे आता कुणालाच आठवत नव्हतं. त्याने परदेशी शिकून मालवाहतुकीची पदवी आणली होती, आणि आल्यापासून गाड्यांवर रंगवायचं चित्र ठरवत होता.

"माझं म्हणणं साधं आहे," थोरले म्हणत होते. "बनवणारा मी. नाव माझ्या मालाचं खराब होतं. दुकानात मऊ आइस्क्रीम गेलं तर गिऱ्हाईक ड्रायव्हरला शिव्या देत नाही."

"दुकानात मऊ जातं कारण माझ्या गाडीत मऊच येतं," धाकटे म्हणाले. "दादा, तुझी माणसं खोके फलाटावर ठेवून बिडी ओढायला जातात."

"माझी माणसं बिडी ओढत नाहीत."

"मग तंबाखू."

"ताई, ऐकतेस ना? हा असा बोलतो."

"मी म्हणतो," राजे म्हणाला, "की आपण आधी आपलं ध्येय काय ते लिहून काढू या."

दोघा भावांनी पुन्हा आत्याकडेच तोंड केलं. राजेला त्याची सवय होती.

खिडकीपाशी वहिनी उभ्या होत्या. वहिनी म्हणजे थोरल्यांच्या पत्नी. सगळं घर त्यांना वहिनीच म्हणायचं, कधी कधी चुकून थोरलेसुद्धा. मीटिंगमध्ये त्या असायच्या, पण त्यांना मत असेल अशी कुणाची कल्पना नव्हती. लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याच्या बाजूने होत्या. बाजू घेण्यासाठी त्यांना काही करावं लागत नसे. नुसतं तिथे असलं की धरलं जायचं.

वहिनींना खाली हिरवी गाडी दिसली. मग ट्रॉली ढकलणारी आपली पोर दिसली. तिचा दुपट्टा कमरेला खोचलेला होता आणि केस तोंडावर आले होते. वहिनींनी नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. त्यांनी आता नुसतं वळून पाहिलं असतं, तरी ओरडत खाली गेले असते, आणि धाकटे मागोमाग, आणि माल तिथेच राहिला असता.

वहिनींनी पडदा ओढला.

"ऊन येतंय," त्या म्हणाल्या.

त्या खिडकीत दुपार टळल्याशिवाय ऊन येत नाही, हे त्या खोलीत फक्त आत्याच्या लक्षात आलं. तिने वहिनींच्या तोंडाकडे पाहिलं. वहिनींनी ओठ घट्ट मिटले होते.

"हां, तर बोल," आत्या थोरल्यांना म्हणाली. "तू काय म्हणत होतास? सविस्तर सांग. अगदी पहिल्यापासून."

थोरल्यांना आयुष्यात असं कुणी म्हटलं नव्हतं. ते पहिल्यापासून सुरू झाले. अण्णा, पहिली कढई, पहिला डीप फ्रीज, धाकट्यांच्या शिक्षणाला कुणी हातभार लावला. धाकट्यांनाही मग पहिल्यापासून सांगणं भाग पडलं. पहिली गाडी, तिचा नादुरुस्त ब्रेक, घाटात काढलेले उन्हाळे. दोघं जुन्या गोष्टी काढत राहिले, आणि आत्या मधूनमधून "मग?" म्हणत राहिली. वहिनी खिडकीशी उभ्याच होत्या, पडद्याच्या फटीतून बघत.

शेवटी बोलून बोलून दोघांच्या घशाला कोरड पडली, तेव्हा वहिनींनी पडदा बाजूला केला.

"माल गेला वाटतं," त्या म्हणाल्या.

सगळे खिडकीशी आले. फलाट रिकामा होता. पाण्याचे ओले चौकोन तेवढे सिमेंटवर राहिले होते.

थोरल्यांनी मनात हिशेब केला. गाडी धाकट्याची. म्हणजे इथे तावातावाने भांडत असताना याने गुपचूप निरोप पाठवून गाडी लावली. आपल्यापुढे नमतं घ्यायला लाज वाटली असेल, म्हणून बोलला नाही. लहानपणीही असाच होता, चूक कबूल करायची तर पाठ फिरवून करायचा.

धाकट्यांनी खिशात हात घातला. किल्ली तिथेच होती. म्हणजे आपली गाडी गेलेली नाही. म्हणजे दादाने बाहेरची गाडी मागवली. स्वतःचा हट्ट सोडून माल पाठवला आणि वर मोठेपणाही मिरवला नाही. किल्लीबद्दल बोलावं असं त्यांना वाटलं, पण अशा वेळी किल्लीसारखा विषय कशाला.

"दादा," ते म्हणाले.

"राहू दे," थोरले म्हणाले. "मला कळलं."

"मलाही कळलं."

"तू धाकटा असून मोठेपणा दाखवलास."

"छे, मोठेपणा तुझा. मी काय केलं?"

हे त्या दिवसातलं सगळ्यात खरं वाक्य होतं, पण थोरल्यांना तो विनय वाटला. त्यांनी धाकट्यांच्या खांद्यावर हात टाकला. धाकट्यांनी डोळे पुसले. राजेने मोबाइलवर दोघांचा फोटो काढला. वहिनींनी आत्याकडे पाहिलं, आणि आत्याने छताकडे.

त्या भरात मग थोरल्यांचं औदार्य अनावर झालं. "डिस्पॅचला आता एकच माणूस नेमू," ते म्हणाले. "दारापासून दुकानापर्यंत. फलाटासकट. आणि मी सांगतो, तो माणूस राजे."

"दादा, अरे, चिमणी आहे ना," धाकटे म्हणाले. पण ते अशा आवाजात म्हणाले, की समोरच्याने नाही म्हणावं.

"ती आहेच मदतीला. पण तुझा मुलगा मोठा व्हायला हवा. ताई, तुझी संमती आहे ना?"

आत्या उत्तर देणार, तेवढ्यात चिमणी दारात आली. कोपरापर्यंत बाह्या सरकवलेल्या, बोटं गारठून लाल झालेली. वहिनींनी पुढे होऊन आपला पदर तिच्या हातांभोवती गुंडाळला.

"कुठे होतीस?" थोरले प्रेमाने म्हणाले. "जरा चहाचं सांग सगळ्यांना. आणि राजेचं अभिनंदन कर. तो आता तुझा साहेब."

चिमणीने राजेकडे पाहिलं. राजे बिचारा खरोखरच ओशाळला होता. "मी नाही मागितलं," तो पुटपुटला.

टेबलावरचा फोन वाजला. खरेदीवाल्या बाई होत्या. थोरल्यांनी सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला आणि खुर्चीत ताठ बसले.

"माल मिळाला," बाई म्हणाल्या. "तुमच्या जवळच्या दुकानात पोचला. अगदी दगडासारखा घट्ट. आमच्या माणसाने तापमापक लावून बघितलं. आजवर एवढं नीट कुणी पाठवलं नव्हतं."

"आमच्या धाकट्या बंधूंचं खातं आहे ते," थोरले म्हणाले.

"श्रेय थोरल्या बंधूंचं आहे," धाकटे म्हणाले.

"दोघांचंही अभिनंदन. फक्त एक विचारायचं होतं. गाडीवर मटार का आहेत?"

थोरले स्पीकर बंद करायचं बटण शोधू लागले.

"गिऱ्हाइकं विचारत होती," बाई सांगत राहिल्या. "मटाराचं आइस्क्रीम आलंय का म्हणून. ते जाऊ द्या. पुढचं वर्षभर आम्हाला अशीच गाडी पाठवा आणि भरणारी माणसंही हीच. कागद पाठवते सहीला."

फोन ठेवला गेला. थोरल्यांनी धाकट्यांकडे बघितलं. धाकट्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. सत्य असं हळूहळू, खळखळ करत दोघांच्या डोक्यात शिरलं, आणि मग दोघांनी एकदमच मान वळवून चिमणीकडे पाहिलं. मगाचची मिठी अजून थंड झाली नव्हती. त्यामुळे त्यांचं एकमत कायम राहिलं. फक्त विषय बदलला.

"भाजीवाल्यांची गाडी?" थोरले म्हणाले. "आपल्या दारात?"

"मला न विचारता?" धाकटे म्हणाले.

"याला न विचारता," थोरल्यांनी भावाची बाजू घेतली. "काका आहेत ते तुझे. त्यांच्या गाड्या दारात असताना. लोक काय म्हणतील?"

"दादाचा माल, दादाला न सांगता," धाकट्यांनीही हात राखला नाही.

"विचारलं होतं मी," चिमणी म्हणाली. "दोघांनाही. जिन्यात."

"ते विचारणं होतं का?" थोरले म्हणाले. "घाई करत होतीस तू."

चिमणीने आईच्या पदरातून हात सोडवून घेतले. मोबाइल काढला. मटारवाल्या मालकांनी गाडी सुटताना भिंतीवरून डोकावून एक गोष्ट विचारली होती, आणि तिने "घरी विचारून सांगते" असं उत्तर दिलं होतं. घर समोरच होतं. आता वेगळं विचारायची गरज उरली नव्हती.

"काका, मी बोलतेय," ती फोनवर म्हणाली. "मगाशी म्हणालात ते. हो. येते सोमवारपासून कामाला."

थोरल्यांना आधी वाटलं, ती काकांशी, म्हणजे धाकट्यांशी बोलतेय. धाकट्यांनाही क्षणभर तसंच वाटलं. मग कळलं.

"भिंतीपलीकडे?" थोरले म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "तू भिंतीपलीकडे जाणार?"

"जवळच आहे, बाबा. तुम्ही खिडकीत आलात तर दिसेन."

"ताई, हिला काहीतरी सांग," धाकटे म्हणाले.

आत्या उठून चिमणीपाशी गेली. "बरं केलंस," ती म्हणाली. "मीसुद्धा दुसऱ्यांच्या दातांत लक्ष घातलं म्हणून माझे जागेवर राहिले." मग ती भावांकडे वळली. "संमती मागत होतात ना? ऐका. ते कागद आले की सही करायची. आणि गाडी भिंतीपलीकडून घ्यायची, कारण बाईंना तीच हवी आहे. माझा वाटा त्या बाजूला. अण्णांनी शेवटचा शब्द मला दिलाय, तो हा; आता मला टॅक्सी बोलवा."

"आणि मी?" राजेने विचारलं.

"तू चिमणीला विचार, तिला शिकाऊ माणूस हवाय का."

तो दिवस दोघा भावांनी एकमेकांची समजूत घालण्यात काढला. सह्या झाल्या. धाकट्यांच्या गाड्या जुन्या लहान दुकानांना जात राहिल्या. राजे खरंच भिंतीपलीकडे गेला, आणि आश्चर्य म्हणजे तिथे सकाळी सगळ्यांच्या आधी हजर राहू लागला. वहिनी दुपारचा डबा रोज स्वतः नेऊन द्यायच्या. थोरल्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "भाजीवाल्यांकडे तू कशाला?" वहिनी म्हणाल्या, "माझी मुलगी आहे तिथे," आणि गेल्या. नवऱ्याच्या प्रश्नाचं अर्धवट उत्तर देऊन निघून जाण्याची सवय त्यांना तेव्हापासून लागली.

मोठ्या ऑर्डरसाठी गाडी मागवायची वेळ आली, तेव्हा फोन कुणी करायचा यावर पुन्हा वाद झाला. धाकट्यांचं म्हणणं, माल दादाचा. थोरल्यांचं म्हणणं, गाडीचं खातं तुझं. अखेर दोघं एका टेबलाशी बसले आणि थोरल्यांनी नंबर फिरवला.

"मॅडम दुसऱ्या फोनवर आहेत," पलीकडून कुणीतरी म्हणालं. "थांबता का?"

थोरल्यांनी आजवर कुणासाठी फोन धरून ठेवलेला नव्हता. "थांबतो," ते म्हणाले.

"काय म्हणतात?" धाकट्यांनी विचारलं.

"मॅडम दुसऱ्या फोनवर आहेत."

धाकट्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि रिसीव्हरला दुसऱ्या बाजूने कान लावला. म्हातारपणाकडे झुकलेली दोन डोकी एका रिसीव्हरशी टेकली. पलीकडे गाड्या मागे घेतल्याचा आवाज येत होता, कुणीतरी आकडे वाचत होतं, आणि त्या सगळ्यात मधूनमधून तिचा आवाज. कुणाला तरी ती शांतपणे सांगत होती, की लांबचं आधी आत, जवळचं दाराशी.

"बोला," ती मग फोनवर आली.

"गाडी हवी होती. उद्याला," थोरले म्हणाले.

"माल कुठे आहे?"

"आत आहे. कोल्ड रूममध्ये."

"गाडी लागल्याशिवाय एकही खोका बाहेर काढायचा नाही. आणि भरायला दोन्हीकडची माणसं हवीत. जमेल?"

थोरल्यांनी धाकट्यांकडे पाहिलं. धाकट्यांनी मान डोलावली.

"जमेल," थोरले म्हणाले.

"जमेल म्हणावं," धाकटे रिसीव्हरजवळ तोंड नेऊन म्हणाले, आपलंही ऐकू जावं म्हणून.